अल्पायुषी यंत्रे आणि बावीस रुपयांचा वाद

घरगुती वापराच्या टाकाऊ विद्युत् उपकरणांची रीतसर विल्हेवाट लावणाऱ्या कारखान्यांना उत्पादकांनी किलोमागे किमान २२ रुपये द्यावेत, असे केंद्र सरकारने २०२४ मध्ये ठरविले. आणि वर्षभराच्या आत सॅमसंग, एलजी, डायकिन यांसारख्या बड्या कंपन्यांनी या निर्णयाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. हा दर आधीच्या दराच्या कितीतरी पट आहे, किंमत ठरविणे हे सरकारचे काम नव्हे, आणि असंघटित भंगार-व्यवसायाला सरकारला आवर घालता येत नसेल तर तो अंमलबजावणीतील दोष ठरतो, त्याचा भुर्दंड उत्पादकांनी का सोसावा, असा या कंपन्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. सरकारचे म्हणणे असे की, किमान दर नसेल तर रीतसर काम करणारा कारखाना चालूच शकत नाही. वरवर पाहता हा दोन हिशेबनिसांमधला तंटा आहे. पण वस्तू विकून नफा मिळविल्यानंतर तिच्या अखेरच्या क्रियाकर्माचा खर्च कोणी करावयाचा, हा प्रश्न या देशात इतक्या उघडपणे, रुपये-पैशांच्या भाषेत, क्वचितच मांडला गेला असेल.

या प्रश्नाचा आवाका केवढा आहे, हे संयुक्त राष्ट्रांशी संलग्न अशा संस्थांनी मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक पाहणीवरून दिसून येते. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला. २०१० मध्ये हा आकडा ३ कोटी ४० लाख टन होता, आणि २०३० मध्ये तो ८ कोटी २० लाख टनांवर जाईल असा अंदाज आहे. यांपैकी रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद आहे ती अवघ्या २२.३ टक्क्यांची. कचरा ज्या वेगाने वाढतो आहे, त्याच्या सुमारे एकपंचमांश वेगानेच ही नोंद वाढते. दरडोई प्रमाण पाहू गेल्यास नॉर्वेचा नागरिक वर्षाला सुमारे २७ किलो असा कचरा करतो आणि आफ्रिका खंडातला सरासरी माणूस अडीच किलो. या सर्व राशीत फोन आणि संगणक यांचा वाटा वजनाने लहान आहे, हेही सांगितले पाहिजे. फोन, लहान संगणक आणि दळणवळणाची छोटी साधने मिळून ४६ लाख टन भरतात. बाकीचा डोंगर खेळणी, झाडू-यंत्रे, शीतकपाटे, दूरचित्रवाणी संच यांचा आहे. परंतु सोने आणि विष या दोहोंची दाटी सर्वांत जास्त आहे ती या लहान वस्तूंतच, आणि माणसाच्या सवयी बदलल्या त्याही यांनीच.

एके काळी विद्युत् उपकरण ही घराची वस्तू होती. रेडिओ दिवाणखान्यात फळीवर असे, त्याच्यावर विणलेला रुमाल असे, त्याचा परवाना काढावा लागे, आणि तो बिघडला तर गल्लीच्या तोंडाशी बसणारा कारागीर त्याला डाख देऊन पुन्हा बोलता करी. १९७२ मध्ये मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाल्यावर ज्या घरी संच असे, तेथे शेजारपाजारची मुले संध्याकाळी येऊन बसत. वस्तू एक आणि तिचे धनी अनेक, असा तो व्यवहार होता. १९७९ मध्ये जपानच्या सोनी कंपनीने वॉकमन बाजारात आणला आणि गाणे घराचे न राहता एका माणसाच्या कानाचे झाले. १९८१ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक आला. १९८३ मध्ये मोटोरोलाचा पाऊण किलोहून जड असा पहिला हातातला दूरध्वनी ३,९९५ डॉलरना विक्रीस निघाला. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू आणि सुखराम यांच्यात पहिले भ्रमणध्वनी संभाषण झाले, तेव्हा हे साधन मंत्र्यांचे आणि उद्योगपतींचे, असाच सर्वांचा समज होता. आज जगात दरवर्षी सुमारे १२० कोटी स्मार्टफोन विकले जातात. घराची वस्तू माणसाची झाली, आणि आता तर एकेका माणसाच्या वाट्याला फोन, कानातली जोडी, मनगटावरचे घड्याळ आणि मांडीवरचा संगणक अशा तीन-चार वस्तू येतात.

या प्रसाराकडे नाक मुरडून पाहण्याचे कारण नाही. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात शाळा बंद पडल्या तेव्हा ज्या मुलाच्या हाती फोन होता त्याचे शिक्षण कसेबसे चालू राहिले आणि ज्याच्या हाती नव्हता त्याचे थांबले. वर्गात हजेरी घेणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला हा अनुभव नवा नाही. शेतकऱ्याला बाजारभाव कळतो, मजुराला गावी पैसे पाठविता येतात, ही सोय लहान नव्हे. तेव्हा वस्तू किती लोकांपर्यंत पोचली यात दोष काढता येत नाही. दोष आहे तो ती किती दिवस टिकते यात, आणि तिचे आयुष्य कोण ठरवितो यात.

वस्तू लवकर मरावी अशी योजना करण्याची कल्पना फार जुनी आहे. विजेचे दिवे बनविणाऱ्या युरोप-अमेरिकेतील प्रमुख कंपन्यांनी १९२४ मध्ये जिनीव्हा येथे संगनमत करून दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणून ठेवले, आणि ज्याचा दिवा जास्त काळ जळेल त्याला दंड ठरविला. पुढे १९३२ मध्ये, महामंदीच्या ऐन भरात, बर्नार्ड लंडन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने तर वस्तूंना कायद्यानेच मुदत घालून द्यावी आणि मुदत संपताच त्या मोडीत काढाव्यात, म्हणजे कारखाने चालू राहतील, असे पत्रक छापले होते. त्याची सूचना कोणी मनावर घेतली नाही. तशी गरजही पडली नाही. जे कायद्याने करावयाचे ते आज गोंद, स्क्रू आणि संगणक-प्रणाली यांनी होते. फोनची बॅटरी दोन-तीन वर्षांत क्षीण होते हा रसायनाचा धर्म आहे. पण ती आत चिकटवून टाकणे आणि साध्या हत्याराने उघडणार नाही असे कवच करणे हा रसायनाचा धर्म नव्हे. कानात घालण्याच्या बिनतारी जोडीची तर बॅटरी बदलण्याची सोयच बहुधा नसते. ती संपली की कित्येक हजारांची वस्तू कचऱ्यात जाते.

प्रणालीचा मार्ग याहून सूक्ष्म आहे. जुन्या आयफोनचा वेग नव्या प्रणालीमुळे मंदावतो, हे ॲपल कंपनीने २०१७ च्या अखेरीस मान्य केले. क्षीण बॅटरीमुळे फोन एकाएकी बंद पडू नये म्हणून तसे केले, असे स्पष्टीकरण तिने दिले. परंतु ग्राहकाला ते आधी सांगितले नाही म्हणून फ्रान्सच्या सरकारी यंत्रणेने २०२० मध्ये तिला अडीच कोटी युरोंचा दंड केला. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नित्याचा आधार काढून घेतला. या प्रणालीवर चालणारे कित्येक संगणक नव्या प्रणालीच्या अटींत बसत नाहीत. अशा सुमारे २४ कोटी संगणकांवर भंगारात जाण्याची पाळी येऊ शकते, असा अंदाज कॅनालिस या बाजारपेठ-निरीक्षक संस्थेने आधीच वर्तविला होता. ओरड झाल्यावर एका वर्षाची वाढीव मुदत देण्यात आली खरी. तथापि ज्या यंत्राचा एकही तुकडा झिजलेला नाही ते यंत्र हजारो मैलांवरच्या कचेरीतल्या एका निर्णयाने निकामी ठरावे, हा प्रकार आजोबांचे घड्याळ नातवाने वापरण्याच्या काळातील माणसाला समजावून सांगणे कठीण आहे.

आणि हे यंत्र बनविताना पृथ्वीच्या पोटातून काय काय काढले जाते! तांबे, सोने, चांदी, पॅलेडियम, टँटलम, कोबाल्ट, शिवाय दुर्मीळ मृदा-धातू. जगातील सत्तर टक्क्यांहून अधिक कोबाल्ट काँगोच्या खाणींतून निघतो. फोनच्या आयुष्यात जेवढे कर्बवायू हवेत जातात, त्यांपैकी सुमारे चार-पंचमांश तो गिऱ्हाइकाच्या हाती येण्यापूर्वीच गेलेले असतात, असे उत्पादकांच्याच अहवालांतून दिसते. म्हणजे फोन एक वर्ष जास्त वापरणे हा सर्वांत स्वस्त असा पर्यावरण-रक्षणाचा मार्ग आहे, आणि विक्रेत्याला तो सर्वांत महाग पडणारा आहे.

टाकलेल्या यंत्रांतून हे धातू परत मिळू शकतात, याचे नमुनेदार उदाहरण जपानने घालून दिले. टोकियो ऑलिंपिकची सारी पदके टाकाऊ उपकरणांतील धातूंची करावयाची असे ठरवून २०१७ ते २०१९ या काळात तेथे सुमारे ७९ हजार टन लहान उपकरणे आणि ६२ लाख फोन गोळा करण्यात आले. त्यांतून ३२ किलो सोने, साडेतीन हजार किलो चांदी आणि २२०० किलो कांस्य निघाले, आणि सुमारे पाच हजार पदके घडली. या आकड्यांतच व्यवहाराचे गमक आहे. ३२ किलो सोन्यासाठी एका शिस्तप्रिय राष्ट्राला दोन वर्षे घरोघर पेट्या ठेवाव्या लागल्या. धातू आहे, पण तो विखुरलेला आहे. आणि तो गोळा करून सुरक्षितपणे वेगळा करण्यास खर्च येतो. हा खर्च टाळावयाचा असेल तर एकच उपाय उरतो. ज्याच्या श्रमाला आणि आरोग्याला किंमत नाही अशा माणसाकडून ते काम करवून घेणे.

गेली तीस-पस्तीस वर्षे जगाने हाच उपाय पत्करला आहे. १९८८ मध्ये इटलीतील विषारी कचऱ्याची पिंपे नायजेरियातील कोको या बंदरगावी सापडल्यावर जी खळबळ उडाली, तीतून पुढच्याच वर्षी घातक कचऱ्याच्या वाहतुकीवर निर्बंध घालणारा बाझल करार झाला. अमेरिकेने १९९० मध्ये त्यावर सही केली, पण त्याला मान्यता अद्यापि दिलेली नाही. ज्यांनी मान्यता दिली त्यांच्याही बंदरांतून कचरा निघतच राहिला. फक्त त्याच्या पेटाऱ्यांवर ‘वापरलेला माल’ किंवा ‘देणगी’ अशी चिठ्ठी लागली. चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातील ग्वीयू हे गाव अशा मालावर वाढले. तेथे अंगणात तारा जाळून तांबे काढीत, शेगडीवर सर्किट बोर्ड तापवून सुटे भाग उचकटीत आणि आम्लाच्या टोपल्यांतून सोने गाळीत. शान्टाऊ विद्यापीठाच्या संशोधकांनी तेथील लहान मुलांचे रक्त तपासून २००७ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले त्यांनुसार दर पाच मुलांपैकी चारांच्या रक्तात शिशाचे प्रमाण त्या काळी मानलेल्या धोक्याच्या मर्यादेवर होते. शिसे मुलाच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालते. तो घाला नंतर भरून निघत नाही. चीनने २०१८ पासून परदेशी कचऱ्याला दारे बंद केली, तेव्हा तो इतर आशियाई देशांकडे वळला. घानाची राजधानी आक्रा येथील अगबोगब्लोशी या जगभर गाजलेल्या भंगार-बाजारावर २०२१ मध्ये सरकारने नांगर फिरविला. जाळपोळ थांबली नाही, ती शहरात इतरत्र पांगली. बाझल कराराची दुरुस्ती होऊन १ जानेवारी २०२५ पासून सर्वच इलेक्ट्रॉनिक कचऱ्याला, तो घातक असो वा नसो, घेणाऱ्या देशाची पूर्वसंमती आवश्यक झाली. ही पळवाट बुजविण्यास छत्तीस वर्षे लागली.

भारताला मात्र आता केवळ परदेशांकडे बोट दाखवून भागणार नाही. चीन आणि अमेरिका यांच्यानंतर सर्वाधिक इलेक्ट्रॉनिक कचरा करणारा देश भारतच आहे. तो नेमका किती करतो याबद्दल मात्र दोन हिशेब आहेत. सरकारी आकड्यानुसार २०२३-२४ मध्ये तो साडेसतरा लाख टन होता. उपर्युक्त जागतिक पाहणी २०२२ चा आकडा ४१ लाख टन देते. सरकारी आकडा उत्पादकांनी कळविलेली विक्री आणि सूचित वस्तूंचे सरासरी आयुष्य यांच्या आधारे काढला जातो. म्हणजे कचरा कोणी तराजूत घातलेला नसतो. ज्या देशात रद्दीचा कागद पावशेरापर्यंत मोजून घेतला जातो, तेथे शिसे आणि पारा असलेल्या मालाच्या बाबतीत निम्म्याहून अधिकाची तफावत कोणाला खटकू नये, हे चमत्कारिक आहे.

कायदे झाले नाहीत असे नाही. पहिले नियम २०११ मध्ये आले, ते २०१६ मध्ये बदलले आणि २०२२ मध्ये पुन्हा नव्याने केले गेले. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या नियमांनी १०६ प्रकारच्या वस्तू जाळ्यात घेतल्या. उत्पादकाने पूर्वी विकलेल्या मालाच्या ठराविक टक्क्यांइतक्या कचऱ्याची पुनर्प्रक्रिया झाल्याची प्रमाणपत्रे नोंदणीकृत कारखान्यांकडून विकत घ्यावयाची, असा त्यांचा गाभा आहे. प्रथम ६० टक्के, २०२५-२६ पासून ७० टक्के आणि २०२७-२८ पासून ८० टक्के, अशी चढती उद्दिष्टे आहेत. योजना कागदावर नेटकी आहे. पण तिच्यात उत्पादक आणि कचरा यांची गाठ कधीच पडत नाही. गाठ पडते ती उत्पादक आणि प्रमाणपत्र यांची. प्रमाणपत्राला जेव्हा बाजारभाव येतो, तेव्हा ते जितके स्वस्त तितके उत्पादकाला बरे, आणि सर्वांत स्वस्त प्रमाणपत्र ते, ज्याच्यामागे काहीच काम झालेले नसते. प्लॅस्टिकच्या बाबतीत याच पद्धतीची सुमारे सहा लाख बनावट प्रमाणपत्रे २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला आढळली होती, आणि ती देणाऱ्या कारखान्यांपैकी काही महाराष्ट्रातील होते. कागदावरचा कचरा कागदावरच नाहीसा करण्याची ही किमया आहे. किमान दर ठरविण्यामागचे कारण या पार्श्वभूमीवर ध्यानात येते.

खरा कचरा मात्र वेगळ्या वाटेने जातो. तो भंगारवाल्याच्या हातगाडीवरून मुंबईत कुर्ला, साकीनाका, धारावी येथील गाळ्यांत पोचतो, आणि दिल्लीत सीलमपूरला. तेथे पडदे, तारा, मोटारी आणि बोर्ड वेगळे होतात. बोर्डांचा मोठा भाग पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मुरादाबादेत जातो. पितळेचा धंदा बसला तेव्हा धातू गाळण्याचे पिढीजात कसब असलेल्या तेथील कारागिरांनी हे काम उचलले. बोर्ड जाळावयाचे, राख कुटावयाची, ती रामगंगेच्या काठी पाण्यात धुऊन धातूचे कण वेचावयाचे. बायका आणि मुले यात असतातच. जगात असंघटित कचरा-व्यवसायात सुमारे १ कोटी २९ लाख स्त्रिया काम करतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये नमूद केले आहे.

कारखान्यांना माल का मिळत नाही आणि हातगाडीला का मिळतो, याचे उत्तर प्रत्येक मध्यमवर्गीय घरात आहे. भंगारवाला दाराशी येतो आणि पैसे देतो. संकलन केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला असते आणि काही देत नाही. बहुतेकांना ते कोठे आहे हेही ठाऊक नसते. तोवर जुना फोन कपाटाच्या खणात पडून राहतो. २०२२ मध्ये जगभर ५३० कोटी फोन वापरातून बाद होतील, असा अंदाज युरोपातील पुनर्प्रक्रिया-संस्थांच्या संघाने केला होता. त्यांतले कितीतरी असेच खणात गेले असणार. भंगारवाल्याने उभारलेले हे गोळा करण्याचे जाळे एवढे दाट आणि स्वस्त आहे की कोणत्याही सरकारला वा कंपनीला ते नव्याने उभारता येणार नाही. गोळा करणे आणि वेगळे करणे यांत फारसा धोकाही नाही. धोका आहे तो जाळण्यात आणि आम्लात बुडविण्यात. तेव्हा पहिले काम त्याच्याकडे ठेवून दुसरे कारखान्याकडे वळवावयाचे, तर कारखान्याने त्याला मुरादाबादेहून अधिक भाव दिला पाहिजे. तो भाव येणार कोठून? उत्पादकाच्या पैशातून, नाहीतर कोठूनच नाही. येथे कंपन्यांच्या युक्तिवादाला लंगडेपणा येतो. असंघटित व्यवसायाला आवर घालणे हे सरकारचे काम आहे हे त्यांचे म्हणणे खरे; पण तो व्यवसाय टिकून आहे तो सरकारच्या ढिलाईइतकाच त्याच्या स्वस्ताईमुळे, आणि ती स्वस्ताई कामगाराच्या फुप्फुसातून निघते. किमान दराने ती सगळी हटेल असे नाही. दर वाढला म्हणून तो हातगाडीपर्यंत झिरपेलच, याची हमी सरकारी नियमांत कोठेही नाही, आणि कारखानदाराने तो मध्येच गिळला तर कंपन्यांची तक्रार खरी ठरेल.

युरोपने या सर्वांवरून एक धडा घेतला आणि कचऱ्याच्या टोकाकडून वस्तूच्या जन्माकडे मोर्चा वळविला. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर त्या कितपत दुरुस्त होऊ शकतात याचे गुण छापणे सक्तीचे केले. डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघात फोनसाठी एकाच प्रकारची चार्जर-जोडणी आवश्यक झाली. २० जून २०२५ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनचे सुटे भाग विक्री थांबल्यावर सात वर्षे आणि प्रणालीतील सुधारणा पाच वर्षे पुरविण्याचे बंधन आले. बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता यावी, असा नियम फेब्रुवारी २०२७ पासून लागू व्हावयाचा आहे. हे नियम कठोर आहेत. पण ज्या कंपन्या येथे २२ रुपयांसाठी न्यायालयात जातात, त्यांपैकी काही तेथे हे सारे निमूटपणे पाळतात, कारण ती बाजारपेठ सोडून चालत नाही.

भारतात दुरुस्तीच्या हक्कासाठी ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये समिती नेमली, त्याच वर्षी एक संकेतस्थळ उघडले, आणि दुरुस्ती-निर्देशांक कसा असावा यावर दुसऱ्या समितीने २०२५ मध्ये अहवाल दिला. वास्तविक या कामी भारताने युरोपला शिकवावे अशी स्थिती होती. लॅमिंग्टन रोडवर किंवा तालुक्याच्या एसटी स्थानकासमोर तीन फुटांच्या टपरीत भिंगातून पाहत सूक्ष्म डाख देणारा तरुण जे करतो, ते करणारा माणूस पॅरिसला सहज मिळत नाही. पण सुटा भाग मूळ कंपनीच्या सांकेतिक क्रमांकाशी जुळला नाही तर फोन तो नाकारतो, अशी व्यवस्था आता रूढ होत आहे. मूळ भाग आणि आराखडे टपरीपर्यंत पोचत नाहीत. आणि जुना फोन देऊन नवा घेण्याच्या योजना एवढ्या आकर्षक असतात की गिऱ्हाईक टपरीकडे वळतच नाही. युरोपसाठी सात वर्षे सुटे भाग ठेवणारी कंपनी येथे ते का ठेवीत नाही, हा प्रश्न ग्राहक व्यवहार खात्याने तिला विचारावयास हवा होता. तो विचारण्यासाठी तिसऱ्या समितीची गरज पडू नये.

२०२७-२८ मध्ये उद्दिष्ट ८० टक्क्यांवर जाईल. त्या वर्षीच्या अहवालात पुनर्प्रक्रियेच्या टक्केवारीचा रकाना भरलेला असेल, प्रमाणपत्रांचा असेल, बहुधा किलोमागे दिलेल्या रुपयांचाही असेल. रामगंगेच्या काठी राख धुणाऱ्या बाईसाठी मात्र त्या पत्रकात आज तरी रकाना नाही.